रोमन फरशी कशी बघावी? कोरिनियम संग्रहालयातला एक दिवस

ब्रिटनमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या आई-वडिलांची फिरण्याची यादी साधारण ठरलेली असते. लंडन, स्टोनहेंज, ऑक्सफर्ड, फार तर एडिनबरा. रोमन काळाची उत्सुकता असलेली मंडळी बाथची स्नानगृहं आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम बघून येतात. या यादीत आणखी एक नाव घाला, असं मी आग्रहाने सांगते : ग्लॉस्टरशर परगण्यातल्या सिरेन्सेस्टर या लहानशा गावातलं कोरिनियम संग्रहालय. रोमन मोझेक फरश्या, सैनिकांच्या समाधिशिळा आणि रोजच्या वापरातल्या शेकडो वस्तू इथे आहेत. त्यातली बरीचशी दौलत याच गावाच्या पोटातून निघालेली आहे.

मोठ्या संग्रहालयात इजिप्तच्या दालनातून ग्रीसमध्ये आणि तिथून चीनमध्ये जाताना आपण फक्त पुढे सरकत राहतो. वस्तू उत्तम असतात, पण त्यांची जमीन हजारो मैल दूर असते. छोट्या स्थानिक संग्रहालयात मात्र वस्तू बघून बाहेर पडलं की पाच-दहा मिनिटांत ती ज्या रस्त्याखाली सापडली त्या रस्त्यावर उभं राहता येतं. ही सोय फार मोलाची आहे आणि तिचा फायदा घ्यायचा तर बघण्याची पद्धत थोडी बदलावी लागते. ती पद्धत सांगण्यासाठीच हा लेख.

गाव कोणतं, एवढं तरी आधी माहीत हवं

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं. त्यानंतर थोड्याच काळात इथे घोडदळाचा तळ पडला. पुढे सैन्य पश्चिमेकडे सरकलं आणि तळाच्या जागी नगर वसलं. त्याचं नाव कोरिनियम डोबुन्नोरम, म्हणजे डोबुन्नी या स्थानिक जमातीचं कोरिनियम. तटबंदीच्या आतला विस्तार सुमारे २४० एकर होता. रोमन ब्रिटनमध्ये लंडनच्या, तेव्हाच्या लोंदिनियमच्या, खालोखाल हेच सर्वांत मोठं नगर.

एवढी भरभराट होण्याचं कारण नकाशात दिसतं. फॉस वे, अर्मिन वे आणि अकेमन स्ट्रीट हे तीन रोमन रस्ते इथे एकत्र येतात. आजचे काही मोटाररस्ते त्याच सरळ रेषांवरून जातात. तुम्ही गाडीने येत असाल तर वळणं संपून रस्ता मैलोन् मैल सरळ कधी होतो, याकडे लक्ष ठेवा. भोवतालचा कॉट्सवोल्ड्सचा प्रदेश शेतीचा, मेंढरांचा आणि चांगल्या चुनखडीचा. पैसा होता, दगड होता आणि माल नेण्या-आणण्याला रस्ते होते. चौथ्या शतकात इथल्या श्रीमंतांनी गावात आणि आसपासच्या मळ्यांवर मोठाले वाडे बांधले आणि त्यांत मोझेकच्या फरश्या करवून घेतल्या.

निघण्यापूर्वी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून स्विंडनमार्गे चेल्टनहॅमकडे जाणाऱ्या गाडीने केंबल स्थानकावर उतरावं. प्रवास सव्वा तासाच्या आसपासचा. केंबलहून सिरेन्सेस्टर सहा-सात किलोमीटरवर आहे. बस मोजक्याच असल्याने टॅक्सी आधी ठरवून ठेवलेली बरी, विशेषतः सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर. स्विंडन आणि चेल्टनहॅमहून थेट बसनेही येता येतं. गावात पोहोचल्यावर सगळं पायी फिरण्याजोगं आहे. संग्रहालय पार्क स्ट्रीटवर, बाजारचौकापासून दोन-चार मिनिटांवर आहे.

प्रवेशाला तिकीट आहे. दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि रविवारची वेळ इतर दिवसांहून वेगळी असू शकते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. चाकाची खुर्ची किंवा मुलांची ढकलगाडी असेल तर तेही तिथेच विचारून ठेवा. सोमवारी आणि शुक्रवारी चौकात आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी गाव जिवंत दिसतं, पण गाडी लावायला जागा मिळणं अवघड होतं.

आतल्या फेरीला दोन ते अडीच तास धरा आणि दुपार बाहेर फिरण्यासाठी मोकळी ठेवा. सकाळी दार उघडताच गेलात तर शाळांच्या सहली येण्यापूर्वी मोझेकपाशी निवांत उभं राहता येतं. फोटो काढण्याचे नियम तिकीटखिडकीवर विचारा, आणि परवानगी असली तरी फ्लॅश वापरू नका. डोळ्याचा चष्मा विसरू नका. शक्य असेल तर छोटी दुर्बीण न्या. फरशीच्या मधल्या भागातले खडे कठड्याबाहेरून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत, दुर्बिणीतून त्यांच्या कडासुद्धा दिसतात.

सगळे फलक वाचू नका, एक ओळ मात्र सोडू नका

दालनांची मांडणी काळानुसार आहे : अश्मयुगापासून सुरुवात, मग रोमन काळ, त्यानंतर अँग्लो-सॅक्सन आणि मध्ययुग. प्रत्येक फलक वाचायचा असं ठरवलंत तर रोमन दालनात पोहोचेपर्यंतच थकून जाल. म्हणून पहिली फेरी न वाचता, न थांबता मारा. ज्या चार-पाच वस्तूंपाशी पाय आपोआप थबकले त्या लक्षात ठेवा आणि दुसऱ्या फेरीत फक्त त्यांच्यापाशी थांबा.

तिथे फलकावर आधी एकच ओळ शोधा : वस्तू कुठे सापडली. डायर स्ट्रीट, बीचेस रोड, व्हिक्टोरिया रोड, टेटबरी रोड, बार्टन फार्म ही नावं पुन्हा पुन्हा येतील. गावाच्या नकाशावर पेन्सिलीने त्या जागी खूण करत चला. तास-दीड तासात तुमच्या हातात रोमन नगराचा तुमचा स्वतःचा नकाशा तयार होतो : इथे श्रीमंतांची घरं, इथे तट, इथे वेशीबाहेरचं स्मशान. दुपारी याच खुणांवरून फिरायचं आहे.

फरशी बघताना : कडेपासून मध्यापर्यंत

मोझेक म्हणजे भिंतीवर टांगायचं चित्र नव्हे, ती पायाखालची जमीन होती. काही फरश्या संग्रहालयात उभ्या लावाव्या लागतात, तेव्हा हे विसरायला होतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : या खोलीचं दार कुठे असेल आणि यजमान कुठे बसत असेल? आकृत्यांची डोकी कोणत्या दिशेला आहेत ते बघा. दारातून आत येणाऱ्याला सुलट दिसावं असं काही, आणि बैठकीवरच्या पाहुण्यांना सुलट दिसावं असं काही, अशी योजना पुष्कळदा असते. चारही बाजूंनी बघण्यासाठी केलेली फरशी असेल तर आकृत्या मध्याभोवती फिरत जातात.

दुसरी गोष्ट खड्यांचा आकार. काठाच्या भागात, जिथे सामान ठेवलं जाई आणि नजर कमी जाई, तिथे खडे मोठे, इंचभराच्या आसपासचे असतात. आत येता येता ते लहान होतात आणि चेहऱ्यापाशी अगदी बारीक. खडा जितका बारीक तितके कारागिराचे तास जास्त आणि घरमालकाचा खर्चही जास्त. कुठे बारीक खडे लावले आहेत एवढं पाहिलं तरी त्या घराच्या मालकाला पाहुण्यांना काय दाखवायचं होतं ते कळतं.

तिसरी गोष्ट रंग. यात रंगवलेलं काहीच नाही. पांढरट आणि पिवळसर छटा आसपासच्या चुनखडीच्या, निळसर-करडा रंग लायस नावाच्या चुनखडीचा, तपकिरी छटा वालुकाश्माच्या आणि लाल रंग बहुतेक वेळा भाजलेल्या विटा-कौलांचा. म्हणजे रोमन वैभवाचं हे चित्र मुख्यतः कॉट्सवोल्ड्सच्या आणि शेजारच्या मातीचंच आहे. काचेचा खडा क्वचित, मोक्याच्या जागी दिसतो.

चौथी गोष्ट काठाची नक्षी. दोन-तीन पदर एकमेकांत गुंफलेली वेणी तुम्हाला जवळजवळ प्रत्येक फरशीवर दिसेल. एखादा पदर बोटाने हवेत गिरवत कोपऱ्यापर्यंत जा. कोपऱ्यात वळण नीट बसलं आहे का, पदर मोजून आणला आहे की कसाबसा जुळवला आहे, हे बघा. कारागिराचं कसब कोपऱ्यात उघडं पडतं.

शेवटी खराबी बघा. जळाल्याचे डाग, खचलेला भाग, जुन्या काळीच केलेली डागडुजी. फरशी वापरात होती याचे हे पुरावे आहेत. खाली खडी, त्यावर चुन्याचा आणि कुटलेल्या विटांचा थर, त्यावर बारीक चुना आणि त्यात बसवलेले खडे, अशी ही बांधणी. काही खोल्यांत हे सगळं विटांच्या बुटक्या खांबांवर उभं असे आणि खालून भट्टीची गरम हवा फिरे. इंग्लंडच्या हिवाळ्यात त्या फरशीवर अनवाणी चालता येत असेल.

तीन फरश्या, निवांत

पहिली ऋतूंची. १८४९ साली डायर स्ट्रीटमध्ये गटाराचं खोदकाम चालू असताना दोन फरश्या सापडल्या, त्यातली ही एक. दोन्ही दुसऱ्या शतकातल्या. जेम्स बकमन आणि सी. एच. न्यूमार्च यांनी १८५० मध्ये त्यांच्यावर सचित्र पुस्तक काढलं आणि १८५६ साली अर्ल बाथर्स्ट यांनी या वस्तूंसाठी गावात संग्रहालय बांधलं. पार्क स्ट्रीटवरचं आजचं संग्रहालय १९३८ चं.

या फरशीवर गोल चौकटींतून स्त्रीरूपातले ऋतू आहेत. वसंताची फ्लोरा डोक्यात फुलं माळून आहे आणि तिच्या खांद्यावर पक्षी बसलेला आहे. उन्हाळ्याची सेरीस धान्याची देवता, तिच्याजवळ विळा. शरदाच्या पोमोनाकडे फळं आणि छाटणीची सुरी. चेहऱ्यांजवळ जा. गालाची गोलाई दाखवायला फिक्या खड्यांशेजारी थोडे गडद, त्याशेजारी आणखी गडद असे खडे वळणा-वळणाने लावले आहेत. चार पावलं मागे या, गाल भरीव दिसतो. पुन्हा पुढे जा, नुसते खडे दिसतात. हे पुढे-मागे दोन-तीन वेळा करा. मोझेक समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही.

इतर चौकटींत पुराणकथा आहेत. ॲक्टिऑन हा शिकारी, त्याने स्नान करणाऱ्या डायना देवीला पाहिलं म्हणून तिने त्याचं हरिण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं. इथे त्याच्या डोक्यावर शिंगं फुटली आहेत आणि कुत्रे अंगावर आले आहेत. गाढवावर बसलेला म्हातारा तो सिलेनस, मद्यदेव बॅकसचा सोबती. या फरशीवर हिवाळा नाही, तो भाग नष्ट झाला. ही रिकामी जागा लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

डायर स्ट्रीटला हिच्यासोबत सापडलेली जोडीची फरशी शिकारी कुत्र्यांची. मधल्या भागात तीन कुत्रे जोरात धावत आहेत, ज्याच्या मागे धावत आहेत ते सावज मात्र उरलेलं नाही. भोवती समुद्रातले काल्पनिक प्राणी आणि सागरदेव ओशियानसचा चेहरा आहे.

दुसरी फरशी सशाची. ही १९७१ साली बीचेस रोडवरच्या उत्खननात, चौथ्या शतकातल्या एका घरात सापडली. ऋतूंच्या फरशीवर देव, राक्षस, पुराणकथा यांची गर्दी आहे. इथे मधोमध फक्त एक ससा, अंग आखडून चरत बसलेला, आणि भोवती नक्षीच नक्षी. हा ससा आता संग्रहालयाची ओळख झाला आहे. एवढा साधा विषय एका श्रीमंत घराच्या फरशीच्या केंद्रस्थानी आला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलांना इथे आणा. त्यांना हा ससा लगेच आपलासा वाटतो.

तिसरी ऑर्फियसची, १८२४ साली तटाबाहेर बार्टन फार्मला सापडलेली. मध्यभागी वीणेसारखं वाद्य घेऊन बसलेला ऑर्फियस, त्याच्याभोवती पक्ष्यांचं कडं आणि त्याबाहेर हिंस्र पशूंचं कडं. त्याच्या वादनाने वाघ-सिंहसुद्धा शांत होत अशी ग्रीक कथा आहे. ऑर्फियस रोमन जगात इतरत्रही सापडतो, पण प्राण्यांना असं एकात एक कड्यांत फिरवण्याची रीत या भागातल्या कारागिरांची. म्हणूनच कोरिनियममध्ये मोझेक करणाऱ्यांचा एक स्वतंत्र संप्रदाय होता असं अभ्यासक मानतात. याच पद्धतीची सर्वांत मोठी फरशी जवळच्या वुडचेस्टर गावी आहे, एका बाजूला सुमारे १५ मीटर. ती चर्चच्या आवारात जमिनीखाली जपून ठेवली आहे आणि १९७३ नंतर उघडलेली नाही. नकाशात नाव बघून तिकडे गाडी वळवू नका, गवताशिवाय काही दिसणार नाही.

शिळा वाचता येतात

समाधिशिळांवरची लॅटिन अक्षरं बघून बहुतेक लोक पुढे जातात. खरं तर चार-पाच गोष्टी माहीत असल्या की त्यातलं पुष्कळ कळतं. सुरुवातीला डी आणि एम ही अक्षरं असली तर अर्थ 'पितरांच्या आत्म्यांना'. शेवटी एच, एस, ई असली तर 'येथे पुरला आहे'. आकडे घड्याळाच्या तबकडीवरचे : एक्स म्हणजे १०, व्ही म्हणजे ५, आय म्हणजे १. व्हिक्सिट म्हणजे 'जगला' किंवा 'जगली', आणि स्टिप ही अक्षरं दिसली तर पुढचा आकडा नोकरीच्या वर्षांचा.

एवढ्या भांडवलावर डॅनिकसच्या शिळेपाशी उभे राहा. घोडेस्वार भाला उगारून खाली पडलेल्या शत्रूला मारतो आहे. खालचा मजकूर सांगतो : इंडियाना नावाच्या घोडदळातला हा स्वार, १६ वर्षं नोकरी केलेला, राउरिकी जमातीचा, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या बाजूचा. शिळा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे फुल्वियस नॅटालिस आणि फुल्वियस बिटुकस यांनी उभारली. दलाचं नाव ज्युलियस इंडस या गॉलमधल्या सरदारावरून पडलं आहे, हिंदुस्थानाशी त्याचा संबंध नाही. शेजारचा सेक्स्टस व्हॅलेरियस जेनियालिस फ्रिशियन, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडचा, आणि तो थ्रेशियन घोडदळात होता. चाळिसाव्या वर्षी वारला, त्यातली २० वर्षं नोकरीत गेली. घरापासून इतक्या दूर, धुक्या-पावसाच्या मुलखात नोकरी करून तिथेच माती झालेली ही माणसं. परदेशी नोकरीला असलेल्या मराठी वाचकांना या शिळा जवळच्या वाटतील.

तिसरी शिळा बोडिकेशियाची. २०१५ साली टेटबरी रोडजवळच्या रोमन स्मशानाच्या उत्खननात ती पालथी पडलेली मिळाली. मजकूर छोटा आहे : पितरांच्या आत्म्यांना, बोडिकेशिया, पत्नी, २७ वर्षं जगली. वर त्रिकोणी भागात ओशियानसचा चेहरा होता, तो कोणीतरी मुद्दाम फोडला आहे. शिळेखाली पुरलेला सांगाडा मात्र पुरुषाचा आणि शिळेपेक्षा बऱ्याच नंतरचा निघाला. एका बाईची जुनी शिळा उचलून दुसऱ्याच्या कबरीवर घातली होती. मजकुराखालची मोकळी जागाही बघा. तिथे पुढे पतीचं नाव यायचं असावं. ते कधीच आलं नाही.

काचपेटीतला कोंबडा

फरश्या आणि शिळा पाहून झाल्यावर छोट्या वस्तूंसाठी थोडी ताकद राखून ठेवा. त्यात एक कोंबडा आहे, साडेबारा सेंटिमीटर उंचीचा, कांस्याचा, दुसऱ्या शतकातला. २०११ साली याच टेटबरी रोडच्या स्मशानात दोनेक वर्षांच्या बाळाच्या कबरीत तो सापडला. त्याच्या छातीवर आणि पंखांवर मिनाकाम आहे. डोळे आणि तुराही मिन्याने सजवलेले आहेत. चोच उघडी आहे, आरवतो आहे. कोंबडा हा मर्क्युरी देवाचा पक्षी आणि मर्क्युरी मृतात्म्यांना परलोकी नेणारा. रात्र संपली की आरवणाऱ्या या पक्ष्याची सोबत आई-वडिलांनी आपल्या बाळाला दिली. धातूवरचं मिनाकाम तेव्हाही स्वस्त नव्हतं. या काचपेटीसमोर दोन मिनिटं गप्प उभे राहा, फलक नंतर वाचा.

तांबड्या चकचकीत भांड्यांच्या तुकड्यांत कुंभाराचा शिक्का शोधा. ही सेमियन भांडी गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सहून, जहाजाने येत. ऑलिव्ह तेलाचे मोठाले रांजण स्पेनहून येत. १८६८ साली व्हिक्टोरिया रोडला मिळालेला भिंतीच्या गिलाव्याचा लाल तुकडाही चुकवू नका. त्यावर कोणीतरी पाच ओळींत पाच-पाच अक्षरांचे शब्द कोरले आहेत : रोटास, ओपेरा, टेनेट, आरेपो, साटोर. लॅटिन अक्षरांची ही २५ घरं उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून कसंही वाचलं तरी तेच शब्द येतात. याच अक्षरांतून 'आमच्या पित्या' हे ख्रिस्ती प्रार्थनेचे आरंभीचे शब्द दोनदा जुळतात, म्हणून यात गुप्त ख्रिस्ती खूण आहे असं काहींना वाटतं. पण असाच चौकोन इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईतही मिळाला आहे. वाद अजून मिटलेला नाही. मुलांकडून हा चौकोन वहीत उतरवून घ्या आणि चारही बाजूंनी वाचायला लावा.

मुलं सोबत असतील तर

मुलांना इतिहास सांगत सुटू नका, शोधायला लावा. किती फरश्यांवर कुत्रा आहे? सर्वांत बारीक खडे कुठे आहेत? कोणत्या शिळेवरच्या माणसाचं वय सर्वांत कमी? लहान कागदावर एकच चौरस निवडून त्यातली नक्षी काढायला सांगा. चित्र काढताना मूल जितकं बघतं तितकं ते दहा फोटो काढूनही बघत नाही, आणि मोठ्यांच्या बाबतीतही हे तितकंच खरं आहे.

दालनात स्वयंसेवक किंवा कर्मचारी असतील तर त्यांच्याशी बोला. छोट्या संग्रहालयाचं खरं धन हेच. यातली बरीच माणसं याच भागातली असतात आणि फलकावर न मावलेल्या गोष्टी त्यांना माहीत असतात. इंग्रजी अडखळत असेल तरी संकोच करू नका. 'हे कुठे सापडलं?' एवढा प्रश्न पुरतो.

आता नकाशा घेऊन बाहेर

जेवण झालं की सकाळी खुणा केलेला नकाशा काढा. ब्लॅक जॅक स्ट्रीटवरून चौकात या, मोठं चर्च डाव्या हाताला ठेवून पुढे गेलं की डायर स्ट्रीट. दुकानांची ही रांग, याच जमिनीखाली ऋतू आणि कुत्रे हजार वर्षांहून अधिक काळ पडून होते. तिथून ॲबी ग्राउंड्स या बागेत जा. तिच्या कडेला रोमन तटाचा एक तुकडा शिल्लक आहे.

अंगात त्राण असेल तर गावाच्या पश्चिमेला रोमन रंगमंडलापर्यंत चालत जा. प्रवेश फुकट आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या मंडलात सुमारे ८,००० माणसं बसत. आज दगड दिसत नाही, गवताने झाकलेले लंबगोल उंचवटे आणि दोन्ही टोकांना आत शिरायच्या वाटा दिसतात. आत मधोमध उभे राहा आणि चारही बाजूंना बघा. बुटांना चिखल लागतो, त्या बेताने पादत्राणं घाला.

गाडी असेल आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर उत्तरेला चेडवर्थच्या रोमन वाड्यात जरूर जा. हा वाडा १८६४ साली उजेडात आला आणि आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. वाट अरुंद आहे आणि थंडीत वेळा कमी होतात, म्हणून आधी चौकशी करा. तिथल्या भोजनगृहाच्या फरशीवरही ऋतू आहेत आणि तिथे हिवाळा सुखरूप आहे : टोपीचा झगा पांघरलेला, एका हातात निष्पर्ण फांदी, दुसऱ्या हातात मारलेला ससा. चेडवर्थला शरद हरवला आहे, सिरेन्सेस्टरला हिवाळा. दोन्ही ठिकाणं पाहिलीत तरच वर्ष पूर्ण होतं. याच वाड्यातल्या आणखी एका फरशीचा काळ कार्बन चाचणीने इसवी सन ४२४ नंतरचा ठरला, असं २०२० साली जाहीर झालं. ब्रिटनमधली रोमन सत्ता ४१० च्या सुमारास संपली असं मानतात. म्हणजे राज्य गेलं तरी कोणीतरी घरात नवी मोझेक फरशी करवून घेत होतं. कारागिरीही टिकून होती आणि घर सजवण्याची हौसही.

परत आल्यावर

रोमन जगाचा धागा आपल्या मातीपर्यंत आलेला आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर इथून गाड्यांतून भडोचला जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर, असं मानतात. तिथे सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सिरेन्सेस्टरच्या फरशीवर सागरदेवाचा चेहरा पाहिलेल्या माणसाने कोल्हापूरचा हा सागरदेवही पाहायला हवा. पंचगंगेकाठी तो व्यापाराच्या वाटेने आला.

तेरला आणि कोल्हापूरलाही हीच पद्धत वापरा. आधी न थांबता एक फेरी, मग चार-पाच वस्तू, प्रत्येकीच्या सापडण्याच्या जागेची नोंद, आणि शेवटी पायी त्या जागेपर्यंत. छोटी संग्रहालयं येणाऱ्यांच्या संख्येवर जगतात. तिकीट काढून आत जाणारा, प्रश्न विचारणारा, अभिप्रायवहीत चार ओळी लिहिणारा प्रत्येक माणूस त्यांना हवा असतो. पुढच्या सुट्टीत तुमच्या मुक्कामापासून तासाभराच्या अंतरावर असलेलं एक तरी असं संग्रहालय निवडा आणि मुलांना घेऊन तिथे जा.